खोली निघाली आणि कट्टा आडवा आला

"मंगळवारी सकाळी खोली कारखान्यातून निघेल, दुपारी शहरात शिरेल आणि दिवेलागणीच्या आत दवाखान्यात आपल्या जागेवर बसेल. बुधवारी तुम्ही तिच्यात पेशंट घ्या!"

मिलीमीटरबाईंनी हे मोठ्या डॉक्टरीणबाईंना इतक्या शांतपणे सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, खोली नव्हे, कुणी आत्याच बॅग घेऊन यायची आहे.

मिलीमीटरबाई हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कारखान्याने ठेवलेलं. एकदा एक दरवाजा केसभर तिरका बसला म्हणून त्यांनी अख्खी भिंत उतरवायला लावली होती. सुतार म्हणाला, "बाई, एवढं कुणाच्या बापाला दिसणार नाही!" बाई म्हणाल्या, "मला दिसतंय." भिंत उतरली आणि नाव चढलं.

त्यांच्या कारखान्यात दवाखान्याच्या खोल्या तयार होत. तयार म्हणजे अगदी तयार! भिंती, फरशी, दिवे, हात धुवायचं बेसिन, भिंतीच्या पोटातून गेलेली ऑक्सिजनची नळी, खिडकीला पडदा, साबणदाणीत साबण. मग ट्रेलरवरून खोली जागेवर न्यायची, क्रेनने उचलून शेजारच्या खोलीला भिडवायची, बोल्ट आवळायचे, नळीला नळी आणि तारेला तार जोडायची. इकडे जुना दवाखाना निवांत चालू. ना धूळ, ना ठोकाठोक, ना पेशंटच्या उशाशी विटांचा ढीग.

त्या दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या सगळ्या खोल्या अशाच एकेक करून येऊन बसल्या होत्या. मधली एक तेवढी राहिली होती. ती बाळंतपणाची. तिच्यात यंत्रं जास्त, म्हणून तिला वेळ लागला. तिच्या रिकाम्या जागेमुळे इमारत पुढचा दात पडलेल्या पोरासारखी दिसत होती. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती खोली येईपर्यंत जुन्या दवाखान्यातल्या बायका बोळाच्या टोकाला, एका पडद्याआड बाळंत होत होत्या. बाईंनी तो पडदा पाहिला होता. त्याला मधोमध एक भोक होतं. त्या दिवसापासून बाईंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आता बाईंच्या घरी चला. घरी अप्पा होते.

अप्पा म्हणजे बाईंचे सासरे. जन्मभर बांधकाम केलेले. आधी गवंडी, मग ठेकेदार. शहरातल्या निम्म्या भिंतींना त्यांचा हात लागलेला. रस्त्याने चालताना लोक ओळखीच्या माणसांना नमस्कार करतात, अप्पा ओळखीच्या भिंतींना करत. आणि सुनेच्या खोल्यांना त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच शब्द ठेवला होता. डबा.

"सूनबाई, डब्यात माणूस बरा होतो का गं? डब्यात बिस्किटं ठेवतात."

"अप्पा, त्या खोलीचा सांगाडा पोलादी आहे."

"असेल. पाया कुठाय?"

"पाया जागेवर आधीच घातलाय. खोली त्यावर येऊन बसते."

"येऊन बसते! इमारत काय कावळा आहे येऊन बसायला? अगं, पायापासून वर चढते ती इमारत. ज्याला पाया नाही, ते बांधकाम नाही. तो डबा."

बाई वाद घालत नसत. त्यांचा स्वभावच कमी बोलायचा. पण हे 'डबा' प्रकरण त्यांना चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं. म्हणून त्यांनी एक गोष्ट केली. आजवरच्या सगळ्या खोल्या बाजाराच्या रस्त्याने गेल्या होत्या. ही शेवटची खोली त्यांनी आपल्या घरावरून न्यायची ठरवली! कारखान्याला कारण दिलं, 'या रस्त्यावर आडव्या वीजतारा नाहीत.' ते खरंही होतं. पण त्या रस्त्यावर अप्पा होते, हे त्याहून खरं होतं. अप्पांच्या नाकासमोरून आपली खोली दिमाखात जावी, त्यांनी ती नीट बघावी आणि एकदा, फक्त एकदा, गप्प बसावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

रस्ता त्यांनी स्वतः मोजला. समोरच्या विजेच्या खांबापासून आपल्या घराच्या कुंपणभिंतीपर्यंत टेप धरली. खोली जाऊन दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरत होती. दुसऱ्यांदा मोजलं. तेवढीच उरली. मग 'मंगळवारी खोली इथून जाईल' एवढं घरी सांगून बाई शेवटच्या कामांसाठी दोन आठवडे कारखान्यावरच मुक्कामाला गेल्या.

अधूनमधून नवऱ्याला फोन व्हायचा.

"अप्पा काय म्हणतायत?"

"अप्पा? खुशीत आहेत. म्हणजे... कामात आहेत."

"कसल्या कामात?"

"अं? काही नाही. तू ये, मग बघशीलच."

बाईंचा नवरा म्हणजे ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस. शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तर मुलीच्या आधी गल्लीला याच्या तोंडून कळायचं. पण त्या दोन आठवड्यांत नेमकं त्याने पोटात ठेवलं. काय ठेवलं, ते मंगळवारी कळलं.

*

मंगळवारी सकाळी खोली निघाली. ट्रेलरचे ड्रायव्हर मुरलेले होते. पुढे जीपमध्ये बाई, आणि त्यांच्या शेजारी दवाखान्याच्या सिस्टर. नुसत्या नजरेने पेशंटचा ताप उतरवणाऱ्या! खोली ताब्यात घेण्याआधी तपासायला त्या कारखान्यावर आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक कपाट उघडलं, प्रत्येक दिवा लावून पाहिला आणि शेवटी म्हणाल्या, "साबण बदला. याचा वास फार येतो." याहून मोठं प्रशस्तिपत्र सिस्टरांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं.

दुपारी ट्रेलर शहरात शिरला. निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कडेला लाकडी फळ्या बांधलेली ती खोली रस्त्याने चालली, तेव्हा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. सायकलवाले उतरून उभे राहिले. बाईंची मान आपोआप ताठ झाली. वळणं एकामागून एक निघत गेली, लोण्यातून सुरी निघावी तशी.

मग घराच्या रस्त्याचं वळण आलं. जीप वळली आणि बाईंच्या घशातून एक आवाज निघाला. सिस्टरांनी चमकून त्यांची नाडीच धरली.

घराच्या कुंपणभिंतीला लागून, रस्त्यावर, विटांचा एक कोराकरकरीत कट्टा उभा होता! चांगला लांबलचक, बसायला रुंद, वरून गुळगुळीत घोटलेला. आणि त्यावर ओळीने बसली होती निम्मी गल्ली. मधोमध अप्पा. इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले, हात गुडघ्यांवर. लग्नाच्या फोटोला बसतात तसे.

"थांबा!" बाई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

ड्रायव्हरनी करकचून ब्रेक लावला. तोवर ट्रेलरचं तोंड कट्ट्यापुढून निघून गेलं होतं, पण मागची खोली रुंद. तिची पुढची कड कट्ट्याच्या टोकापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. अप्पा जराही हलले नाहीत. त्यांनी खोलीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बरी आहे," ते म्हणाले. "आता पुढे घ्या. इथे किती वेळ उभी करणार?"

"अप्पा!" बाई जीपमधून उडी मारून आल्या. "हे काय आहे?"

"कट्टा आहे."

"तो मला दिसतोय! इथे का आहे?"

"मग कुठे असणार? घरात बसून रस्ता दिसतो का?"

ड्रायव्हर उतरले. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला कट्टा. त्यांनी मधे आडवा हात धरून पाहिला. "बाई, चार बोटं कमी पडतायत."

"मागे घ्या."

"मागे?" ड्रायव्हरनी मागे बोट केलं. वळणापलीकडे पावाची गाडी, शाळेची बस, दोन टेम्पो आणि त्यांच्यामागे आणखी काय काय अडकून हॉर्न वाजवत होतं. "एवढं लांब धूड उलटं वळवायचं, तर आधी हा सगळा बाजार हलवावा लागेल. आणि वळणावर पलीकडचं घरही."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. दवाखान्यावरून क्रेनवाले बोलत होते. त्या माणसाला शब्द महाग होते.

"कुठे?"

"आलोच. जरा अडचण आहे."

"दिवेलागणीला मी निघणार. उद्या दुसरीकडे काम आहे. परत येईन ते पुढच्या महिन्यात."

फोन बंद. पुढचा महिना! बाईंच्या डोळ्यांपुढे तो भोकाचा पडदा हलला.

"फोडायला लागेल," त्या म्हणाल्या.

कट्ट्यावरची गल्ली चटकन उठून बाजूला झाली. अप्पा सगळ्यात शेवटी उठले. "फोडा," ते कोरड्या आवाजात म्हणाले. "तुमचं काम अडत असेल तर फोडा. माझं काय!" आणि तोंड फिरवून उभे राहिले.

ड्रायव्हरनी गाडीतला घण काढला. पहिला घाव पडला. अप्पांचे खांदे, कुणी त्यांच्याच पाठीत मारल्यासारखे, वर उडाले. कट्ट्याचा एक टवकाही उडाला नाही. दुसरा घाव. टवका नाही. तिसऱ्या घावाला कडाड आवाज आला आणि घणाचा दांडा मोडून डोकं थेट गटारात!

अप्पांनी वळून पाहिलं. चेहरा दुःखी ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, पण मिशी ऐकेना. ती दोन्ही टोकांना वर चालली होती.

ड्रायव्हर हात झटकत म्हणाले, "आजोबा, यात घातलंय तरी काय?"

"जे घालायचं तेच. विटा आहेत त्या. पाव नव्हेत."

"अप्पा, हसू नका!" बाईंचा आवाज कापरा झाला. "तिकडे बायका बोळात बाळंत होतायत आणि तुम्हाला... तुम्हाला माझी खोली आवडत नाही हे मला माहीत आहे. पण म्हणून ती अशी अडवायची?"

अप्पांची मिशी खाली आली. ते तसेच घरात निघून गेले.

मग निळ्या दरवाजाच्या काकू पुढे झाल्या. या समोरच राहायच्या. दरवाजाही त्यांचा निळा आणि साडीही बहुधा निळीच. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, अडवायला कसला? तुझ्या खोलीसाठीच बांधलाय तो! गेले दोन आठवडे घरोघर सांगत फिरतायत, 'माझ्या सुनेने बनवलेली खोली मंगळवारी इथून जाणार आहे. म्हाताऱ्या माणसांनी ती काय उभ्याने बघायची? बसायला जागा नको?' एकेक वीट स्वतः रचली. तुझ्या नवऱ्याला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून."

बाईंनी गर्दीतल्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांबाकडे पाहिलं.

"मी म्हणालो होतो त्यांना, जरा अरुंद करा," तो खांबाला उद्देशून म्हणाला.

*

इकडे सिस्टर वेगळ्याच चिंतेत होत्या. एवढ्या जोरात ब्रेक लागला, आत काही तुटलंफुटलं तर नाही? त्यांनी प्लास्टिक बाजूला सारलं आणि आत जायची वाट शोधली. दार खोलीच्या पुढच्या भिंतीला, कट्ट्याच्या टोकासमोरच होतं. कट्ट्यावर चढून एक ढांग टाकली की थेट उंबऱ्यात! त्या आत गेल्या आणि तपासायला म्हणून त्यांनी दिवे लावले. बॅटरीवरचे ते दिवे असे लखलखले, की बाहेरच्यांना आतलं सगळं दिसलं. पांढराशुभ्र पलंग, चकचकीत बेसिन आणि पांढऱ्या वेषातल्या सिस्टर.

गल्लीने एक दीर्घ श्वास घेतला.

"दवाखाना दारात आला की हो!" कुणीतरी म्हणालं.

पुढे काय झालं ते सांगायला जेवढा वेळ लागेल, त्याहून कमी वेळात रांग लागली! सर्वात पुढे निळ्या दरवाजाच्या काकू, हातात जुन्या तपासण्यांची जाडजूड पिशवी. मागे गुडघेदुखीवाले, दातदुखीवाले, पावाच्या गाडीचा ड्रायव्हर आणि शाळेच्या बसमधल्या दोन मास्तरीणबाई.

सिस्टर दारात उभ्या राहिल्या. "अहो, ही बाळंतपणाची खोली आहे!"

"असू दे की," काकू म्हणाल्या. "मी काय कधी बाळंत झाले नाही?"

"कधी?"

"चाळीस वर्षं झाली. तेव्हापासूनच कंबर दुखतेय!"

सिस्टरांनी नजर टाकली. जिने ताप उतरतो ती! रांग हलली नाही. मग त्यांनी आवाज चढवला. "ज्यांना आज बाळंत व्हायचंय, त्यांनीच थांबा! बाकीच्यांनी घरी जा!"

एकही माणूस घरी गेला नाही. रांगेच्या टोकाचे टक्कलवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "थांबू या. बायकांचं झालं की आपल्याला घेतील."

सिस्टर हरल्या. आपल्या पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढत त्यांनी काकूंना आत घेतलं. "एकेक जण! कट्ट्यावर रांगेत बसा! गलका करायचा नाही!"

बाईंचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी आणि ड्रायव्हरनी खोलीच्या कडेच्या लाकडी फळ्या काढून पाहिल्या. त्याने दोन बोटं मिळाली. अजून दोन बोटं हवी होती. बाई बॅटरी घेऊन चक्क रस्त्यावर आडव्या झाल्या आणि कट्ट्याच्या बुडाशी डोकं लावून बघू लागल्या, खालची एखादी वीट तरी सैल निघतेय का.

वीट सैल नव्हती. पण विटांच्या खाली काँक्रीटची कड दिसली. आणि त्या कडेखालून डोकावत होती निळ्या रंगाची, चुणीदार, ओळखीची...

"अप्पा!" बाईंनी हाक मारली. "अप्पा, जरा बाहेर या!"

अप्पा आले. मागे हात बांधून, पाहुण्यासारखे उभे राहिले.

"अप्पा, या विटांच्या खाली काय आहे?"

"स्लॅब आहे. सळ्या घातलेला. माती भुसभुशीत इथली."

"आणि स्लॅबच्या खाली?"

अप्पांनी आकाशाकडे पाहिलं. "ताडपत्री."

"ताडपत्रीच्या खाली?"

अप्पांनी मिशी चाचपली.

"अप्पा?"

"रस्ता," अप्पा पुटपुटले.

"आणि पाया?"

सगळी रांग ऐकत होती. काकू दंडाला यंत्राचा पट्टा बांधलेल्याच दारात आल्या. जन्मभर ज्या माणसाने पायावर प्रवचनं दिली, तो चपलेच्या अंगठ्याने रस्त्यावर रेघा ओढत होता.

"अगं, रस्ता खोदायला परवानगी लागते! ती मिळेपर्यंत तुझी खोली जुनी होऊन गेली असती. म्हणून म्हटलं... तात्पुरता... नुसताच ठेवला."

"नुसताच ठेवला," बाई उठून बसल्या. केसांना माती, नाकाला सिमेंट, पण डोळे कारखान्यातल्या त्या केसभर तिरक्या दरवाजाच्या वेळी चमकले होते तसे चमकत होते. "म्हणजे तळाला आपला आपण सांगाडा, वर पक्कं बांधकाम, आणि जमिनीला कुठेही चिकटलेला नाही. अप्पा, हा कट्टा नाही. हा डबा आहे!"

गल्ली खो खो हसली. ड्रायव्हर तर ट्रेलरच्या चाकाला धरून हसले. अप्पांचे कान लाल झाले. पण बाई हसत नव्हत्या. त्या हिशेबाला लागल्या होत्या.

"विटा किती लागल्या? स्लॅब किती जाड?"

अप्पांनी दोन्ही सांगितलं. न अडखळता. बाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि क्रेनवाल्यांना फोन लावला.

"क्रेन घेऊन समोरच्या बाजूने इकडे या."

"खोली तिथेच उतरवायची?"

"खोली नाही. कट्टा उचलायचाय."

पलीकडून आवाज आला, "मी खोल्या उचलतो."

"वजन तीन टनांच्या आत आहे. तुमच्या क्रेनला ते रुमाल उचलल्यासारखं. आणि तो उचलल्याशिवाय खोली येणार नाही. खोली आल्याशिवाय आजचं तुमचं काम पुरं होणार नाही."

क्रेनवाल्यांनी विचार केला. "येतो."

*

क्रेन आली. ड्रायव्हरनी जॅक लावून कट्ट्याचं एक टोक किंचित उचललं, खालून पट्टा सरकवला. मग दुसरं टोक. आणि इथे अप्पांच्या अंगात आलं!

"अरे, कोपऱ्याला गोणपाट लाव! कड तुटेल! तो पट्टा मधोमध घे! सूनबाई, तुझ्या माणसाला सांग, हिसका द्यायचा नाही! हळू! अरे, केसाकेसाने घे! आत कुणी आजारी माणूस झोपलंय असं समजून घे!"

बाईंनी चमकून पाहिलं. हे शेवटचं वाक्य त्यांचं होतं. खोली उचलताना कारखान्यात त्या दर वेळी हेच म्हणत. घरी जेवताना कधीतरी त्यांनी ते सांगितलं होतं. तेव्हा अप्पा पाण्याचा पेला उचलत म्हणाले होते, "डब्यात!" म्हणजे ऐकत होते तर.

तारा ताणल्या गेल्या. ताडपत्री चर्रर्र करत सुटली. आणि कट्टा वर उठला! सबंध, एकसंध, एकही भेग न पडता, सगळ्या गल्लीच्या डोक्यांवरून झोके न घेता तरंगत गेला. टाळ्या पडल्या. शाळेच्या बसमधली पोरं खिडक्यांतून ओरडली. अप्पा मान वर करून बघत राहिले. आयुष्यात त्यांनी किती बांधलं होतं, पण त्यातलं काही उडालेलं पाहिलं नव्हतं.

"बघितलंस?" ते बाईंना कोपर मारत म्हणाले. "तडा नाही!"

"बघितलं, अप्पा."

"तुझी खोलीही अशीच उठते?"

"अशीच."

"हं," अप्पा म्हणाले. आणि गप्प बसले.

आता प्रश्न आला, कट्टा ठेवायचा कुठे? परत रस्त्यावर ठेवला तर खोली परत अडणार. ट्रेलरच्या शेपटाला, खोलीच्या मागे थोडी मोकळी जागा होती. क्रेनवाल्यांनी न विचारता तिथे तो अलगद टेकवला. मग सिस्टरांनी आत असलेल्या पेशंटला खाली उतरवलं, दार लावलं आणि ट्रेलर निघाला. दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून, बाईंनी मोजली होती अगदी तशी, खोली खांबापुढून निघून गेली.

पण रांग? ज्यांचा नंबर यायचा होता, ते काय असे सोडतात? रांग ट्रेलरच्या मागून चालू लागली! नंबर न मोडता. सर्वात पुढे, तोवर ज्यांचा नंबर आला होता ते टक्कलवाले आजोबा, कट्ट्यावर एक हात ठेवून. आणि कट्ट्याच्या बाजूने, कुणी तो पळवेल की काय अशा बेताने, अप्पा.

दवाखान्याच्या दारात मोठ्या डॉक्टरीणबाई कधीपासून उभ्या होत्या. सूर्य झाडांच्या मागे गेला होता. त्यांना आधी क्रेन दिसली, मग जीप, मग खोली, मग एक कट्टा आणि त्यामागे शिस्तीत चालत येणारी निम्मी गल्ली. त्यांनी चष्मा पुसला.

"हे सगळं... खोलीबरोबर येतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी नंतर सांगते. आधी क्रेन."

खोली उचलायची, तर शेपटावरचा कट्टा आधी उतरवायला हवा. तो दाराशेजारी, नव्या फरशीवर उतरला. मग खोली उचलली गेली. बाई खाली उभ्या राहून हाताने खुणा करत होत्या. डावीकडे, थोडं, आणखी थोडं, बस! दोन खोल्यांच्या मधल्या फटीत ती अशी उतरली, कपाटात खण सरकावा तशी. शेजारच्या भिंतीशी भिंत मिळाली, नळीसमोर नळी आली. बाईंनी पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध. तो दात पडलेला जबडा पुरा झाला होता. आत जाऊन बाईंनी दिवा लावला, तेव्हा बाहेर दिवे लागायचे होते.

डॉक्टरीणबाई आत आल्या. भिंतीवरून हात फिरवला. मग सिस्टरांना म्हणाल्या, "तो बोळातला पडदा काढून टाका."

"मघाशीच काढला," सिस्टर म्हणाल्या. "फडकी केली त्याची."

बाईंना त्या क्षणी आणखी काही नको होतं. नाही म्हणायला, एक नको असलेलं मागून आलंच.

"सूनबाई, ती पाणसळ जरा दे," अप्पा दारातून म्हणाले. "माझ्याही कामाला लावून बघतो."

"थांबा अप्पा, मीच लावते!" बाई घाईघाईने बाहेर गेल्या. कट्ट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. अप्पा अजून चष्मा शोधत होते. बाईंनी खिशातली पत्र्याची एक पट्टी काढली, पायाने कट्ट्याच्या कोपऱ्याशी सरकवली आणि क्रेनवाल्यांकडे फक्त पाहिलं. त्या माणसाला शब्द महाग होते, पण नजर कळत होती. त्यांनी पहार घालून कोपरा किंचित उचलला. पट्टी खाली गेली. बुडबुडा मधोमध आला.

अप्पांनी चष्मा लावून वाकून पाहिलं आणि सरळ झाले, ते आणखी वीतभर उंच होऊनच. "हातात असावं लागतं," ते म्हणाले.

कट्टा तिथेच राहिला. डॉक्टरीणबाईंनी तो परत नेऊ दिला नाही. पेशंटच्या माणसांना बसायला जागा नव्हतीच. अप्पाही रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागले आणि बाळंतपणाच्या खोलीतून पहिलं रडू ऐकू आलं, की शेजारी जो कुणी असेल त्याला सांगू लागले, "माझ्या सुनेने केलीय ती खोली. कारखान्यात! आख्खी उचलून आणली!" डबा हा शब्द त्यांनी टाकून दिला होता.

एका संध्याकाळी बाई त्यांना घरी न्यायला गेल्या, तेव्हा कुणी एक म्हातारे गृहस्थ कट्ट्यावर टेकले होते. त्यांनी नव्या इमारतीकडे बघून नाक मुरडलं. मग कट्ट्यावर थाप मारली.

"इमारतीचं काही सांगता येत नाही बुवा. उचलून आणलेले डबे ते! पण हा कट्टा बघा. याला म्हणतात जुनं काम! पाया चांगला खोल असणार याचा."

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने कट्ट्याच्या कोपऱ्याखाली चमकणाऱ्या पट्टीवर हळूच चप्पल ठेवली.

"बराच," अप्पा म्हणाले.